ऑटोपायलट गेला का विमान पडते?

डोक्यावरून विमान गेलं की आमच्या पानठेल्यावर कुणीतरी म्हणतंच, "ते तं आपोआप चालते भाऊ, मशीन बंद पडली का खल्लास!" तसं नाही. ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी मशीन, सुटला तरी पंख आणि इंजिनं शाबूत असतात. बंडीचे बैल बुजले की धुरकरी कासरा धरतो, तसा पायलट विमानाच्या नाकाचा कोन अन् इंजिनाचा जोर ठरावीक ठेवतो, बाकीचं मग.

२००९ साली एअर फ्रान्सचं ४४७ नंबरचं विमान अटलांटिकात पडलं, २२८ जण गेले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचून ऑटोपायलट सुटला होता, हे खरं. पण नळ्या मिनिटभरात सुधारल्या. घात केला तो नाक वर ओढून धरल्यानं. पंखांची उचल संपली, आणि हे चालकांना शेवटपर्यंत उमगलं नाही.