ईजेबी एवढं बदनाम का झालं? थोडी पार्श्वभूमी

नाशिकच्या कॉलेज रोड आणि कॅनडा कॉर्नरच्या क्लासेसच्या पाट्यांवर आता 'फुल स्टॅक', 'स्प्रिंग बूट', 'मायक्रोसर्व्हिसेस' असलं काय काय लिहिलेलं असतं. वीसेक वर्षांपूर्वी त्याच पाट्यांवर 'ॲडव्हान्स जावा – सर्व्हलेट, जेएसपी, ईजेबी' असायचं आणि त्यातल्या ईजेबीची, म्हणजे एंटरप्राइज जावाबीन्सची (सर्व्हरवर चालणारे जावाचे कंपोनंट), फी वेगळी घ्यायचे. आज पोरांच्या कानावर हा शब्द पडतो तो एकतर इंटरव्ह्यूत, नाहीतर हिंजवडीत जॉइन झाल्यावर एखाद्या जुन्या प्रोजेक्टवर टाकलं की. मग प्रश्न ठरलेला, की हे एवढं अवघड कोणी आणि कशाला करून ठेवलं. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

फार मागचं दोन ओळीत. मोठ्या बँका आणि एअरलाइन्सवाल्यांकडे 1960 च्या दशकाच्या शेवटापासून ट्रान्झॅक्शन मॉनिटर (एकाच वेळी पुष्कळ व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) होते, मेनफ्रेमवरचं सीआयसीएस त्यातलंच. 1991 मध्ये कोर्बा (वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रोग्रामना एकमेकांशी बोलू देणारं स्टँडर्ड) आलं, 1996 मध्ये विंडोजवाल्यांचं ट्रान्झॅक्शन सर्व्हर आलं. सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच होतं, प्रोग्रामरने फक्त धंद्याचं लॉजिक लिहावं, बाकी ट्रान्झॅक्शन, सिक्युरिटी, कनेक्शन पूलिंग, थ्रेड हे सगळं खालच्या सर्व्हरने बघावं. जावावाल्यांनी हीच कल्पना उचलली, 1997 मध्ये मसुदा फिरायला लागला आणि मार्च 1998 मध्ये ईजेबी 1.0 आलं. नाव ठेवताना मात्र घोळ घातला, कारण जावाबीन्स नावाची दुसरीच गोष्ट आधीपासून होती, ती स्क्रीनवरची बटणं वगैरे जोडायला, आणि तिचा याच्याशी नावापुरताच संबंध.

आता मूळ मुद्दा. ईजेबीत सुरुवातीला दोन प्रकार होते, सेशन बीन आणि एंटिटी बीन. सेशन बीन म्हणजे काम करणारा, एंटिटी बीन म्हणजे डेटाबेसमधली एक ओळ ऑब्जेक्टच्या रूपात. 1.0 मध्ये एंटिटी बीन ऐच्छिक होतं, ज्या कंपनीला आपल्या सर्व्हरमध्ये द्यायचं तिने द्यावं. डिसेंबर 1999 मध्ये 1.1 आलं आणि त्यात ते सक्तीचं झालं. आणि माझ्या मते ईजेबीची जी काही बदनामी पुढे झाली तिची ऐंशी टक्के मुळं या एका निर्णयात आहेत. उरलेली वीस टक्के एक्सएमएलची, म्हणजे बीनची सेटिंग लिहायच्या फाइल्सची.

सक्ती का केली याची कारणं त्या काळात बघितली तर अगदीच वेडगळ नव्हती. तेव्हा स्वप्न असं होतं की कंपोनंटचा बाजार भरेल, कोणीतरी 'ग्राहक' नावाचं बीन बनवून विकेल, दुसरा 'इन्व्हॉइस' विकेल, तुम्ही ते विकत घेऊन जोडायचं आणि कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर चालवायचं. स्पेसिफिकेशनमध्ये (ईजेबी कसं असावं याच्या नियमांच्या कागदात) त्यासाठी चक्क सहा भूमिका लिहिलेल्या होत्या: बीन बनवणारा, ॲप्लिकेशन जुळवणारा, डिप्लॉय करणारा, सर्व्हर पुरवणारा, कंटेनर (सर्व्हरमधला बीन चालवणारा भाग) पुरवणारा आणि सिस्टिम ॲडमिन. आता बाजार भरायचा तर डेटासुद्धा कंपोनंटमध्ये पाहिजे आणि तो सगळ्या सर्व्हरवर सारखा चालला पाहिजे, म्हणून सक्ती. बाजार काही भरला नाही. सातपूर-अंबडच्या छोट्या कंपन्यांना सॉफ्टवेअर करून देणाऱ्या ऑफिसात तर सर्व्हर बनवणं सोडून बाकीच्या सगळ्या भूमिका एकच पोरगा करायचा आणि वर प्रिंटरची शाईसुद्धा तोच भरायचा.

पण त्रास कागदावरच्या भूमिकांचा नव्हता, आतल्या रचनेचा होता. 1.1 मध्ये प्रत्येक बीन रिमोटच होतं. म्हणजे ते त्याच मशीनवर, त्याच मेमरीत बसलेलं असलं तरी त्याच्याशी बोलायची पद्धत नेटवर्कवरून बोलायची. खातेदाराचं नाव पाहिजे, एक रिमोट कॉल. पत्ता पाहिजे, दुसरा कॉल. शिल्लक पाहिजे, तिसरा. कांद्याची गोणी सोडून एकेक कांदा वजन करायला लासलगावला नेण्यातला प्रकार होता. काही सर्व्हर आतल्या आत शॉर्टकट मारायचे, पण त्यावर कोडने विसंबायचं नाही असा नियम.

त्यात भर यादी काढण्याची. समजा एखाद्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आहे आणि 500 खातेदारांची यादी दाखवायची. फाइंडर मेथड (बीन शोधून देणारी) आधी एक क्वेरी मारून नुसत्या प्रायमरी की आणणार, मग प्रत्येक बीनसाठी कंटेनर ईजेबीलोड (डेटाबेसमधून माहिती भरणारी मेथड) बोलावणार, म्हणजे 1 अधिक 500, एकूण 501 क्वेऱ्या. ट्रान्झॅक्शन संपलं की परत ईजेबीस्टोअर (ती डेटाबेसमध्ये लिहिणारी), मग तुम्ही काही बदललेलं असो नसो. कंटेनरने सगळं स्वतः सांभाळायचा जो प्रकार होता, सीएमपी, त्यात चांगले सर्व्हर हे सगळं आटोक्यात ठेवायचे, पण प्रत्येकाची पद्धत वेगळी. 1.1 मध्ये क्वेरी कशी लिहायची याचं स्टँडर्डच नव्हतं, दोन टेबलांमधलं नातं कसं सांगायचं याचंही नाही. म्हणजे ज्या पोर्टेबिलिटीसाठी सक्ती केली तीच नेमकी मिळाली नाही.

लोकांनी मग पळवाटा शोधल्या आणि त्यांना 'डिझाइन पॅटर्न' असं भारी नाव दिलं. सेशन फसाड म्हणजे एंटिटी बीनला बाहेरून कोणी हात लावायचा नाही, पुढे एक सेशन बीन बसवायचं. व्हॅल्यू ऑब्जेक्ट म्हणजे सगळी माहिती एका साध्या क्लासमध्ये भरून एका फेरीत पाठवायची. इंटरव्ह्यूत हे पॅटर्न धडाधड विचारायचे, पण हे मुळात एका चुकलेल्या निर्णयावरचं मलम आहे हे कोणी सांगायचं नाही.

ऑगस्ट 2001 मध्ये 2.0 पक्कं झालं. त्याच्या मसुद्यात आधी 'डिपेंडंट ऑब्जेक्ट' नावाची कल्पना होती, ती ऐनवेळी काढून लोकल इंटरफेस आणले. एका मशीनवरच्या बीन्सना आता नेटवर्कचं सोंग करायची गरज उरली नाही. टेबलांमधली नाती आली, ईजेबी क्यूएल ही क्वेरी लिहायची भाषा आली, मेसेजवर चालणारं तिसरं बीनही आलं. पण किंमत बघा: एका एंटिटी बीनला रिमोट आणि लोकल दोन्ही द्यायचं म्हटलं तर होम इंटरफेस (बीन तयार करायला किंवा शोधायला लागणारे) दोन, कामाचे इंटरफेस दोन, बीनचा क्लास एक, वर ईजेबी-जारचं एक्सएमएल आणि त्याच्यावर सर्व्हर कंपनीचं स्वतःचं वेगळं एक्सएमएल. एका टेबलासाठी. "सर, हे होम इंटरफेस कशाला?" हा प्रश्न क्लासमध्ये प्रत्येक बॅचला यायचा आणि "स्पेसिफिकेशनमध्ये आहे म्हणून" हे त्याचं प्रामाणिक उत्तर होतं.

नाशिकमध्ये ईजेबी पोचलं ते याच 2.0 च्या रूपात, आणि इथे शिकवण्याच्या क्रमाने आणखी वाट लावली. क्लासमधल्या मशीनवर तेव्हा 128 किंवा 256 एमबी रॅम, त्यावर वेबलॉजिक नावाच्या सर्व्हरची ट्रायल टाकली तर मशीन बसायचं. म्हणून फुकटचं जे2ईई किट वापरायचे. त्यात एका काळ्या खिडकीत क्लाउडस्केप डेटाबेस चालू करायचा, दुसरीत सर्व्हर, तिसरीत डिप्लॉयटूल, आणि मग त्या डिप्लॉयटूलमध्ये नेक्स्ट नेक्स्ट करत बसायचं. मध्येच लोडशेडिंग झालं की पुन्हा पहिल्यापासून. पुढे जेबॉस नावाचा सर्व्हर आला तेव्हा जीव भांड्यात पडला, नुसती जार फाइल फोल्डरमध्ये टाकली की काम झालं. जेबॉसचं मूळ नाव ईजेबॉस होतं, त्यातली ईजेबी ही अक्षरं जावाच्या मालक कंपनीला खटकली म्हणून पहिलं अक्षर गेलं.

तर क्रम. पुस्तकं आणि नोट्स सगळ्या 'हॅलो वर्ल्ड' सेशन बीनपासून सुरू व्हायच्या, एक दिवस त्यात, की लगेच एंटिटी बीन, आणि मग महिना त्यातच. बीएमपी (डेटाबेसचं काम बीननेच करायचा प्रकार), सीएमपी, ॲक्टिव्हेट, पॅसिव्हेट, लाइफ सायकलच्या आकृत्या. ट्रान्झॅक्शनचं प्रकरण शेवटी, आणि शेवटचं प्रकरण म्हणजे परीक्षेआधी घाईत उरकलेलं, हे काय सांगायला नको. त्यात बिझनेस कंपोनंट डेव्हलपर नावाचं जावाचं सर्टिफिकेट निघालं, त्याची पहिली परीक्षा ईजेबी 2.0 वरच, म्हणून क्लासवाल्यांनाही कोणती मेथड कोणत्या स्टेटमध्ये बोलावता येते याचे तक्ते पाठ करून घेणं सोयीचं पडलं. पोरं सर्टिफिकेट घेऊन पुण्याची बस पकडायची आणि तिथे प्रोजेक्टवर बघायची तर एंटिटी बीन कोणी वापरतच नाही, सेशन बीन आणि आत सरळ जेडीबीसी, म्हणजे डेटाबेसशी थेट बोलायची जावाची पद्धत. म्हणजे जे महिनाभर घोटलं ते कामाचं नाही आणि जे एका दिवसात संपवलं त्यावरच सगळं चाललंय.

मला सेशन बीनची बाजू घ्यायचीच आहे, कारण ती फारशी कोणी घेत नाही. पतसंस्थेचंच घ्या. एका खात्यातून पैसे वजा, दुसऱ्यात जमा, मध्ये काही फाटलं तर दोन्ही परत. हे स्वतः कोडमध्ये सांभाळायचं तर प्रत्येक मेथडला कमिट-रोलबॅकची तीच रड. स्टेटलेस सेशन बीनमध्ये तुम्ही फक्त सांगायचं की या मेथडला 'रिक्वायर्ड' (ट्रान्झॅक्शन हवंच, चालू असेल तर तेच), त्या ऑडिटच्या नोंदीला 'रिक्वायर्स न्यू' (वेगळं नवं ट्रान्झॅक्शन), कारण व्यवहार फसला तरी तो फसल्याची नोंद राहिली पाहिजे. बाकी कंटेनर बघतो. असे सहा पर्याय होते: रिक्वायर्ड, रिक्वायर्स न्यू, मँडेटरी, सपोर्ट्स, नॉट सपोर्टेड, नेव्हर. ही कल्पना 1999 मध्येही चांगली होती आणि आजही आहे.

बाहेर वारं मात्र फिरलं होतं. 2001 च्या सुमारास हायबरनेट आलं, साध्या क्लासला टेबलाशी जोडणारं, कुठल्या कंटेनरची गरज नसलेलं. त्याच वेळी जावाच्या पेट स्टोअर नावाच्या नमुना ॲप्लिकेशनवरून भांडण झालं. विंडोजवाल्यांनी तेच ॲप डॉटनेटमध्ये लिहून आमच्यात कितीतरी कमी ओळी लागतात म्हणून गाजवलं, जावावाले म्हणाले ते डिझाइन शिकवायला होतं, शर्यत लावायला नव्हतं. दोघांचंही थोडं थोडं खरं. पण शिकणाऱ्या पोरांनी ज्याचा नमुनाच इतका लांबलचक आहे ते किती अवघड असेल एवढंच त्यातून घेतलं. मार्च 2004 मध्ये स्प्रिंग नावाच्या फ्रेमवर्कचं 1.0 आलं आणि त्याचा प्रचारच मुळी ईजेबीशिवाय करून दाखवतो असा होता.

मे 2006 मध्ये ईजेबी 3.0 आलं तेव्हा आतलं जवळपास सगळंच बदललं होतं. होम इंटरफेस गेला, एक्सएमएल ऐच्छिक झालं, साध्या क्लासवर स्टेटलेस अशी एक ॲनोटेशन (कोडमध्येच लिहायची खूण) लिहिली की बीन तयार. एंटिटी बीनच्या जागी जेपीए (साधा क्लास टेबलाशी जोडायचं जावाचं स्टँडर्ड) आलं, जे सरळसरळ हायबरनेटच्या वळणावर आहे. जुनं एंटिटी बीन मागच्या कोडसाठी म्हणून ठेवलं आणि 2013 च्या आवृत्तीत ते पुन्हा ऐच्छिक करून टाकलं. 1999 ची सक्ती उठायला चौदा वर्षं लागली. 3.1 मध्ये, म्हणजे 2009 अखेरीस, इंटरफेससुद्धा लागेनासा झाला आणि बीन थेट वेब ॲप्लिकेशनच्या वॉर फाइलमध्ये टाकता यायला लागलं. खरं सांगायचं तर 3.1 हे वापरायला सोपं, हलकं आणि चांगलं होतं. पण तोपर्यंत पाट्या बदलल्या होत्या, 'ईजेबी जड असतं' हे वाक्य तोंडी लागलं होतं आणि जे म्हणायचे त्यातल्या बऱ्याच जणांनी 2.0 नंतरचं काही उघडूनच बघितलं नव्हतं.

नंतरचं सगळ्यांना थोडंफार माहीत आहे. 2010 मध्ये जावाचा मालक बदलला. 2013 मध्ये ट्रान्झॅक्शनलची ॲनोटेशन ईजेबीच्या बाहेरच्या साध्या बीनलाही मिळाली, म्हणजे सेशन बीनचा खास मान तिथेच अर्धा संपला. एप्रिल 2014 मध्ये स्प्रिंग बूट 1.0. 2017 मध्ये नव्या मालकाने जावा ईई एका ना-नफा फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, जावा हे नाव मात्र दिलं नाही, म्हणून 2018 मध्ये ते जकार्ता ईई झालं. मग डिसेंबर 2020 च्या आवृत्तीत पॅकेजची नावंसुद्धा जावाएक्सवरून जकार्तावर गेली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये स्प्रिंग बूट 3 नेही तीच नावं घेतली. त्यामुळे ज्यांचा ईजेबीशी काडीचा संबंध नव्हता त्यांनाही इम्पोर्टच्या ओळी बदलत बसावं लागलं.

आणि गंमत अशी की स्प्रिंगच्या ट्रान्झॅक्शनलमध्ये आज जे प्रोपगेशनचे (मेथडने कोणत्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालायचं याचे) सात पर्याय आहेत त्यातले सहा वर दिलेलेच आहेत, त्याच नावांनी, सातवं 'नेस्टेड' तेवढं त्यांचं. रोलबॅकचा नियमही तिकडचाच: रनटाइम एक्सेप्शन आली तर रोलबॅक, चेक्ड एक्सेप्शन (जी हाताळायला किंवा जाहीर करायला कंपाइलर लावतो ती) आली तर आपोआप नाही. आज क्लासमध्ये पोरं चेक्ड एक्सेप्शन फेकतात, पैसे एका खात्यातून गेलेले असतात, दुसऱ्यात आलेले नसतात आणि स्प्रिंगमध्ये बग आहे म्हणून आरडाओरडा करतात. ईजेबीत ॲप्लिकेशन एक्सेप्शन आणि सिस्टिम एक्सेप्शन असा भेद केलेला होता, तोच नियम पुढे चालत आलाय, आणि रोलबॅक हवा असेल तर तो रोलबॅकफॉर लिहून मागावा लागतो.

जुन्या प्रोजेक्टवर पडलेल्यांनी म्हणून एंटिटी बीनच्या फाइल्सच्या जंगलात आधी शिरू नये. ईजेबी-जारच्या एक्सएमएलच्या शेवटी असेंब्ली डिस्क्रिप्टर असतो, त्यात कंटेनर ट्रान्झॅक्शनचा भाग उघडावा आणि कोणत्या मेथडला काय लावलंय ते आधी लिहून काढावं. एंटिटी बीन जेपीएत नेता येतात, होम इंटरफेस डोळे मिटून काढता येतात, पण एखाद्या मेथडचं 'रिक्वायर्स न्यू' नवीन कोडमध्ये उतरवायचं राहिलं तर कंपाइलर काही बोलत नाही. ते कळतं ते एखादा व्यवहार फसल्यावर, ऑडिटच्या टेबलात त्याची नोंदच सापडत नाही तेव्हा.