स्लॉट कार : गाडीची बांधणी आणि घरचा ट्रॅक

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमध्ये कोरलेल्या खाचेला धरून विजेवर धावणारी मोटारगाडीची छोटी प्रतिकृती. गाडीच्या पुढच्या भागाखाली गाईडची पाती असते, ती खाचेत उतरते. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात. गाईडला लावलेल्या, बारीक तारांनी विणलेल्या तांब्याच्या वेण्या त्यांवर घासत जातात आणि मोटरला वीज मिळते. हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर जितका दाबावा तितका वेग वाढतो. सुकाणू नसल्यामुळे खेळ सोपा वाटतो, पण वळण येण्याआधी ट्रिगर नेमका कधी सोडायचा यातच सगळे कसब आहे. जरा उशीर झाला की गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाईड खाचेतून निसटतो.

ट्रॅकवरून वीज घेऊन धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९१२ मध्येच विक्रीला काढल्या होत्या. आजच्या छंदाचे मूळ मात्र इंग्लंडमध्ये आहे. मिनिमॉडेल्स कंपनीचे फ्रेड फ्रान्सिस स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या ‘स्केलेक्स’ नावाच्या पत्र्याच्या गाड्या बनवत. त्यांत विजेची मोटर बसवून त्यांनी जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडली. मासेराटी २५०एफ आणि फेरारी ३७५ या पहिल्या गाड्या पत्र्याच्या होत्या आणि ट्रॅक रबराचा. पुढच्याच वर्षी हा व्यवसाय लाइन्स ब्रदर्सकडे गेला. अमेरिकेत ऑरोरा आणि जर्मनीत कॅरेरा यांनी १९६० च्या दशकात आपापल्या पद्धती रुजवल्या.

घरगुती ट्रॅकवर १:३२ हे प्रमाण सर्वाधिक चालते. साडेचार मीटरची खरी गाडी त्यात १४ सेंटिमीटरची होते. १:२४ च्या गाड्या मोठ्या, तर एचओ या छोट्या प्रकारातल्या साधारण १:६४ च्या असतात. सेकंदाला ३ मीटर धावणाऱ्या गाडीचा वेग ३२ ने गुणून ‘ताशी ३४५ किलोमीटर’ असा सांगण्याची पद्धत आहे. हा हिशोब फसवा आहे, कारण गाडी लहान झाली म्हणून गुरुत्वाकर्षण कमी होत नाही. वळणावरचे गाडीचे वागणे चाकांच्या पकडीवर आणि वजनाच्या वाटणीवरच ठरते.

म्हणूनच गाडी बांधताना वेगवान मोटरपेक्षा चाकांकडे आधी लक्ष द्यावे. मोटर गाडीच्या लांबीच्या दिशेने, आडवी किंवा तिरकी बसवता येते. या रचनांना अनुक्रमे इनलाइन, साइडवाइंडर आणि अँगलवाइंडर म्हणतात. मोटरच्या पिनियनला, म्हणजे दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाला, ९ आणि आसावरच्या गिअरला २७ दाते असतील, तर मोटर तीनदा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. मागचे टायर रिमला चिकटवून बारीक पॉलिश पेपरवर मोटरच्याच जोरावर हलके फिरवतात, म्हणजे ते खरोखर गोल होतात. तयार गाड्यांचे टायरही अनेकदा पूर्ण गोल नसतात. पुढच्या चाकांना पकड नकोच असते, म्हणून त्यांच्या टायरवर नेलपॉलिशचा पातळ थर देतात. बॉडीचे स्क्रू घट्ट आवळून मग किंचित सैल करतात, त्यामुळे बॉडी चासीवर थोडी डुलते आणि ट्रॅकचे हादरे गिळते. इतक्या साध्या फेरफाराने गाडी किती शांत धावू लागते, हे हाताने करून पाहण्यासारखे आहे. अनेक गाड्यांखाली चुंबक असतो. तो गाडीला पट्ट्यांकडे ओढून ट्रॅकला चिकटवून ठेवतो. नवख्याला तो सोयीचा, पण वळणावर गाडी घसरवत नेण्याची खरी मजा चुंबक काढल्यावरच येते. मग गाईडजवळ थोडे शिसे लावून वजनाचा तोल साधतात.

ट्रॅकचे दोन मार्ग आहेत. प्लॅस्टिकचे तुकडे जोडून आठ बाय चार फुटी प्लायवर छोटा ट्रॅक मांडता येतो आणि खेळ संपल्यावर उचलूनही ठेवता येतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला जादा पट्टी हवी, नाहीतर घसरणारे शेपूट कडेवरून खाली जाते. दुसरा मार्ग एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या) शीटवर राउटरने, म्हणजे लाकूड कोरण्याच्या यंत्राने, खाच कोरण्याचा. खाच सुमारे ३ मिलिमीटर रुंद आणि ७ मिलिमीटर खोल ठेवतात आणि दोन्ही बाजूंना तांब्याची टेप किंवा वेणी चिकटवतात. असा ट्रॅक सांध्यांविना सलग होतो आणि वळणे मनासारखी आखता येतात. कोकणात किंवा मुंबईत एमडीएफ दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही रंगवून घ्यावा; पावसाळ्यातल्या दमट हवेने तो फुगला तर खाचेचे माप बदलते.

वीजपुरवठा १२ ते १५ व्होल्ट डीसी लागतो. प्लॅस्टिक ट्रॅकच्या प्रत्येक सांध्यावर विजेचा दाब थोडा घटतो, म्हणून लांब ट्रॅकवर दूरच्या टोकाला गाडी मरगळते. ट्रॅकखालून जाड वायर नेऊन काही ठिकाणी जादा जोडण्या दिल्या की हा दोष जातो. तीन तारांच्या कंट्रोलरमध्ये ट्रिगर पूर्ण सोडल्यावर मोटरची दोन टोके एकमेकांना जोडली जातात. फिरती मोटर त्या क्षणी जनित्र बनते आणि गाडीला ब्रेक लागतो. २००४ पासून स्केलेक्स्ट्रिकच्या डिजिटल पद्धतीत एकाच लेनमध्ये, म्हणजे एकाच खाचेवर, अनेक गाड्या धावतात आणि लेन बदलतात.

साध्या ट्रॅकवर आतली लेन आखूड पडते. ट्रॅक आठाच्या आकड्यासारखा मांडला तर दोन्ही लेनची लांबी जवळपास सारखी होते. शर्यतीत प्रत्येक स्पर्धक ठरलेल्या वेळेपुरता प्रत्येक लेनवर धावतो आणि सर्व लेनवरच्या फेऱ्यांची बेरीज धरतात. ज्यांची पाळी नसते ते वळणांपाशी उभे राहून निसटलेल्या गाड्या पुन्हा खाचेत बसवतात.