फ्लूचं औषध आणि पहिले ४८ तास

फ्लूच्या विषाणूला पेशीत शिरण्याइतकंच तिच्यातून सुटणंही जमावं लागतं. आपल्या नाकाघशातल्या पेशींवर सियालिक आम्ल नावाच्या शर्करेची टोकं असतात. विषाणूच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन ती टोकं पकडतं आणि विषाणू आत जातो. मग तो पेशीला स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. नवे विषाणू बाहेर पडू लागले की मात्र पंचाईत होते, कारण तेही त्याच टोकांना चिकटून बसतात. ही चिकट गाठ सोडवतं न्यूरामिनिडेज हे दुसरं प्रथिन. ते कात्रीसारखं सियालिक आम्ल छाटतं आणि नवी पिलावळ शेजारच्या पेशींकडे मोकळी सुटते.

पीटर कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली ऑस्ट्रेलियात या कात्रीची त्रिमितीय रचना उलगडली. तिच्यात एक खाच आहे. विषाणू बाहेरून सतत रूप पालटत असतो, पण ही खाच जवळजवळ तशीच राहते. मला यात फार मोठी आशा दिसते. त्या खाचेत घट्ट बसतील असे रेणू मुद्दाम घडवले गेले आणि १९९९ साली अमेरिकेत दोन औषधांना मान्यता मिळाली: श्वासातून ओढायचं झानामिविर आणि तोंडावाटे घ्यायचं ओसेल्टामिविर, म्हणजेच टॅमिफ्लू.

ही औषधं विषाणूला मारत नाहीत, फक्त त्याची कात्री बोथट करतात. पेशीत आधीच पोहोचलेल्या विषाणूचं ती काही बिघडवू शकत नाहीत. म्हणून वेळेला इतकं महत्त्व. लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत औषध सुरू झालं, तर एरवी धडधाकट माणसाचं दुखणं साधारण एका दिवसाने कमी होतं. हा फायदा थोडका आहे, हे मान्य करायलाच हवं. पण गरोदर बाई, पासष्टी ओलांडलेली माणसं, अगदी लहान मुलं, दमा किंवा मधुमेहाचे रुग्ण यांचं गणित वेगळं. त्यांच्यात फ्लू न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर तपासणीच्या अहवालासाठी थांबत नाहीत, आणि रुग्ण गंभीर असेल तर ४८ तास उलटल्यावरही औषध देतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र इथे कुचकामी, कारण त्या जिवाणूंसाठी असतात.

घरात एकाला फ्लू झाला, तर जोखमीतल्या दुसऱ्याला आजार होण्याआधीच ओसेल्टामिविर देता येतं. उपचारासाठी प्रौढांना ते सहसा ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात. प्रतिबंधासाठी दिवसातून एकदा. हे संरक्षण गोळी चालू असेपर्यंतच टिकतं, त्यामुळे ते लशीची जागा घेऊ शकत नाही. मळमळ आणि उलटी हे त्याचे नेहमीचे त्रास. पोटात काही असताना गोळी घेतली तर ते कमी होतात.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. अमँटाडीनसारखी जुनी औषधं आता फ्लूवर वापरत नाहीत, कारण विषाणू त्यांना सरावला. २००७-०८च्या हंगामात एच१एन१ या फ्लूच्या प्रकारात न्यूरामिनिडेजच्या साखळीत २७५व्या जागी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी (प्रथिनाच्या एका कडीऐवजी) टायरोसिन हे दुसरं आलं. एवढ्याशा बदलाने ओसेल्टामिविर त्या खाचेत नीट बसेना आणि असे विषाणू जगभर पसरले. २००९ साली आलेल्या नव्या एच१एन१ने त्यांना हटवलं, आणि त्याच्यावर हे औषध बहुतांशी लागू पडलं. २०१८ साली जपान आणि अमेरिकेत मान्यता मिळालेलं बालॉक्झाविर कात्रीला हातच लावत नाही. प्रती काढण्यासाठी विषाणू पेशीच्या आरएनएची, म्हणजे जनुकांचा निरोप वाहणाऱ्या रेणूंची, टोकं तोडून चोरतो. ती चोरीच हे औषध थांबवतं, आणि उपचाराला त्याची एकच मात्रा लागते.