व्यापारी संकुलांचा पुनर्विकास, नाशिक

व्यापारी संकुलांचा पुनर्विकास : शहराच्या मध्यवस्तीतील मोडकळीस आलेले किंवा गिऱ्हाईक तुटलेले व्यापारी संकुल, मॉल वा महापालिकेची मंडई पाडून, अथवा मुळापासून मजबूत करून, त्या जागी नवी बाजारवास्तू उभी करणे. नाशिकमध्ये हा प्रश्न मुख्यतः रविवार कारंजा, मेनरोड, शालिमार, महात्मा गांधी रोड, सराफ बाजार आणि सीबीएस (जुने मध्यवर्ती बसस्थानक) या पट्ट्यातला आहे. घरांच्या पुनर्विकासाशी त्याची नेहमी गल्लत होते. पण घर सोडून माणूस दोन-तीन वर्षे भाड्याने राहू शकतो. दुकान तेवढे दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीला सरावते आणि सहसा परतत नाही.

नाशिक महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. पुढच्या दोन दशकांत जुन्या गावातले अनेक वाडे पडले आणि त्या जागांवर तीन-चार मजली संकुले आली. त्यांची ठेवण आजही ओळखू येते. मधोमध अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना दहा बाय बाराच्या आसपासचे गाळे, गाळ्यात लोखंडी शिडीने चढायचा पोटमाळा आणि शटरच्या पुढे दोन फूट सरकलेला माल. तळघर नकाशात वाहनतळ असते, प्रत्यक्षात खोक्यांचे गोदाम. अशी इमारत थकते ती वरून. गच्चीचे पाणी स्लॅबमध्ये मुरते, गज गंजून फुगतात, छताचे प्लास्टर पोपडे धरून सुटते. धंदाही वरूनच आटतो : आधी दुसऱ्या मजल्यावरची शटर खाली येतात, मग पहिल्या. तळमजल्यावरचे दर्शनी गाळे मात्र इमारत धोकादायक ठरेपर्यंत जोरात चालतात, आणि पाडकामाला सर्वांत कडवा विरोध तिथूनच होतो. तो विरोध हेकटपणाचा नसतो. चालता धंदा थांबवायला सांगितले जात असते.

मालकी कोणाची, यावर पुढचे सगळे ठरते. मॉलचा एकच मालक असेल आणि दुकाने भाड्याने दिलेली असतील, तर वरचे मजले कार्यालयांना, क्लासेसना किंवा दवाखान्यांना देऊन, आतली मांडणी बदलून वास्तू वाचवता येते. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ मध्ये सुरू झालेला क्रॉसरोड्स हा देशातील सुरुवातीच्या मॉलपैकी एक. त्यालाही नाव आणि रूप बदलून पुढे सोबो सेंट्रल म्हणून उभे राहावे लागले. नाशिकच्या मध्यवस्तीतील संकुले बहुधा गाळा-गाळा करून विकलेली आहेत. एका इमारतीत पन्नास खरेदीखते, काही गाळे वारसांत वाटलेले, काही पागडीवर (ठोक रक्कम घेऊन अल्प भाड्याने दिलेले), काहींचे मालक परगावी. अशा ठिकाणी विकासक शोधण्याआधी सिटी सर्व्हेचा उतारा, जमिनीचे अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी गाळेधारकांच्या नावे होणे, म्हणजे कन्व्हेयन्स) आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा) जुळवावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून सुरू केलेला पुनर्विकास पाया खणून झाल्यावर अडकतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना तपासणी मालकांनी किंवा भोगवटादारांनी करून घ्यायची असते. तपासणीत रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर ठोकून कठीणपणा मोजणारे साधन), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) चाचणी, काँक्रीटचे गाभे काढून केलेली चाचणी यांवरून इमारत सी-१ (तातडीने पाडण्याजोगी), सी-२ए (रिकामी करून मोठ्या दुरुस्तीची), सी-२बी (रिकामी न करता दुरुस्तीची) किंवा सी-३ (किरकोळ दुरुस्तीची) अशी ठरते. कलम २६४ खाली महापालिका धोकादायक इमारतीला नोटीस देते. मात्र इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण छोट्या दुकानदाराला मिळू शकते; बँकेला किंवा एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपनीला ते नाही. संमतीचे गणितही संकुलाच्या नोंदणीवर अवलंबून असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या आदेशाने किमान ५१ टक्के सभासदांच्या संमतीची अट घातली. संकुल १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर घोषणापत्रात कोणाचा हिस्सा किती लिहिला आहे, ते आधी पाहावे लागते.

महापालिकेच्या मंडयांत मालक एकच असला तरी गाळेधारक भाडेपट्ट्यावर असतात. रविवार कारंजावरील यशवंत मंडईच्या जागी बहुमजली वाहनतळ उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा दोन्ही गरजा समोरासमोर आल्या : मेनरोडला गाडी लावायला जागा नाही हे खरे, आणि मंडईतल्या दुकानदाराचे पोट त्या जागेवर आहे हेही खरे.

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. बिगरनिवासी बांधकामाला अधिमूल्य (प्रीमियम) भरून ८० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक चटई क्षेत्र, म्हणजे मूळ परवानगीवरचे जादा बांधकाम, मिळते, त्यामुळे विकासकाचा हिशेब बसू लागला. गाळेधारकाचा हिशेब निराळा आहे. घरात चौरस फूट मोजले की भागते; दुकानात तेवढ्याच चौरस फुटांची किंमत मजला, तोंड आणि शटरची रुंदी यांवर ठरते. ‘पूर्वीइतकेच क्षेत्र’ असे करारात लिहून रस्त्यालगतच्या कापड दुकानदाराला आतल्या बोळात आठ फुटी शटर मिळाले, तर कागदावर तो तोट्यात नसतो आणि धंद्यात बुडालेला असतो. म्हणून पर्यायी जागेच्या नोंदणीकृत करारात गाळ्याचा क्रमांक, दर्शनी रुंदी, उंची, पाटीची जागा आणि बांधकामाच्या काळातले तात्पुरते दुकान कुठे, हे नकाशासह यायला हवे.

गोदाकाठची अडचण खास नाशिकची. सराफ बाजार, भांडी बाजार आणि दहीपूल या भागात गोदावरीचे पाणी शिरते, आणि सरस्वती नाल्याचेही. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत व्यापाऱ्यांनी हे पाहिले आहे. गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागले की माल वर चढवायचा, हा इथला अंगवळणी पडलेला इशारा. निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या महापुराच्या) पूररेषेतील बांधकामाचे जोते लाल पूररेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर ठेवावे लागते. नियम रास्तच आहे. पण सराफ बाजारातले दुकान हे ओट्यावर टेकून, चप्पल काढून, गादीवर बसायचे दुकान. जोते उंचावले की म्हाताऱ्या गिऱ्हाइकासमोर पायऱ्यांचा जिना उभा राहतो. खालचा मजला मोकळा वाहनतळ ठेवून दुकाने वर नेणारा आराखडा पुराला पुरून उरतो. मात्र त्यात रुंद, हलका उतार आणि चालू राहणारी लिफ्ट आधीपासून धरलेली असावी लागते.

पाडकामाचा मुहूर्तही इथे पंचांगाशी बांधलेला आहे. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२६-२८ मध्ये येतो. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या, दिवसांत रामकुंडाकडे जाणारे रस्ते वाहनांना बंद असतात आणि गर्दी मेनरोड-पंचवटीत वाहते; मलब्याचे डंपर किंवा काँक्रीटचे मिक्सर त्या काळात तिथे पोहोचत नाहीत. त्यामुळे जुन्या गावातील संकुलाचे वेळापत्रक आखताना दिवाळीची खरेदी, लग्नसराई आणि पावसाळा वजा केल्यावर सिंहस्थाचे महिनेही वजा करावे लागतात.