धर्मादायचा नंबर मिळाला म्हणजे करमाफी झाली?

कोरेगाव-वाई पट्ट्यात हा समज जुनाच आहे: साताऱ्याच्या धर्मादाय कार्यालयातून ‘एफ’ नंबर आला की संस्था करमुक्त. परवा एका मंडळाच्या सचिवांनी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट पुढे ठेवलं आणि म्हणाले, “आता पावतीवर ८०जी छापतो.” म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळते, असं. थांबा हो, दादा!

तो नंबर फक्त नोंदणीचा. १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासदांची सोसायटी आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, एवढंच त्यानं सिद्ध होतं. कर माफ करणं हे आयकर खात्याचं काम, आणि तिथं अर्ज वेगळा. १९६१ च्या आयकर कायद्यात संस्थेच्या उत्पन्नासाठी १२एबी आणि देणगीदाराच्या सवलतीसाठी ८०जी, अशी दोन निरनिराळी कलमं होती. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. दोन दारं मात्र तशीच.

मंजुरी मिळाली तरी साधारण ८५ टक्के उत्पन्न उद्देशांवर खर्चायचं, हिशेब ठेवायचे. आणि दोन हजारांवरची देणगी रोख घेतली, तर देणाऱ्याला त्या रकमेवर सवलत नाही. जत्रेतल्या थाळीतली नोटांची रासही या सवलतीच्या कामाची नसते; तिथं कुणाच्या नावानं पावतीच फाटत नाही.

सचिवांनी छापखान्याला फोन लावला. पावतीपुस्तकं अजून मशिनवर चढली नव्हती.