पुसट रेघ वाचायची कुणी?

हिवतापाचं निदान आपल्याकडे वर्षानुवर्षं काचपट्टीवरच, म्हणजे रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच चाललं. १९५३ मध्ये देशभर नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तोच निर्मूलनाचा झाला, आणि आरोग्यसेवक दारोदार रक्तनमुने घेत फिरू लागले. पट्टी आजही खात्रीची. पण वाळव्यात नदीकाठी कोप्या टाकून राहिलेली ऊसतोड टोळी निकाल यायच्या आत पुढच्या फडावर गेली, की त्या निकालाचं करायचं काय?

रक्ताच्या थेंबावरून जागच्या जागी रेघ उमटवून निदान करणारं आरडीटी किट, म्हणजे झटपट चाचणी, हवी होती ती इथेच. फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स, हिवतापाचे हे दोन्ही परजीवी दाखवणारं किट २०१३ पासून सरकारी कार्यक्रमात आलं.

सगळा घोळ आहे तो पुसट रेघेचा. नियम सरळ आहे: ठरल्या वेळेत उमटलेली रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्ह. पण दिवेलागणीला कोपीच्या तोंडाशी बसून, बॅटरीच्या उजेडात किट तिरकं करकरून बघणाऱ्या आशाताईला ती रेघ आहे की नुसता भास, हे ठरवायचं असतं. व्हायवॅक्सची रेघ असेल तर प्रायमाक्विन १४ दिवस, फाल्सिपेरमची असेल तर एसीटी, म्हणजे आर्टेमिसिनिनचं मिश्र औषध. नजर चुकली की औषध चुकलं.

२०१२ च्या सुमारास ही रेघ वाचणारी, फोनच्या कॅमेऱ्याला जोडायची यंत्रं प्रयोगशाळांतून पुढे आली. पुढे नुसत्या ॲपवर काम भागू लागलं. २०२१ मध्ये कोविडच्या घरगुती किटचा फोटो ॲपवर टाकायची सवय आपल्यालाही लागली.

मात्र ‘ॲप वाचतं’ हे बोलणं फसवं आहे. फोटोंवर ‘रेघ आहे’, ‘रेघ नाही’ असं आधी माणसांनीच लिहिलेलं असतं, त्यावरून ॲप शिकतं. किती फिकट रंगाला रेघ म्हणायचं, ती मर्यादाही माणसंच ठरवतात. ती कडक ठेवली तर खरे रुग्ण निसटतात, सैल ठेवली तर रक्ताचा ओघळही रेघ ठरतो. ही मर्यादा कुठे ठेवली आहे, हे आशाताईला सांगितलंच पाहिजे. रुग्णासमोर उभी तीच असते.

शिवाय फाल्सिपेरमची रेघ उपचारानंतरही काही आठवडे उमटू शकते. ‘गेल्या महिन्यात ताप आला होता का, गोळ्या पुऱ्या केल्या का?’ हे ॲपला रेघेत दिसत नाही, विचारावंच लागतं.

फोटोचा खरा फायदा म्हणजे नोंद राहते, वरिष्ठांना पडताळून बघता येतं. त्यासाठी चाचणीचं द्रावण टाकल्याची वेळ किटवर पेनाने लिहिलेली हवी. तासाभराने उमटलेल्या चुकीच्या रेघेचा फोटोही तितकाच स्वच्छ येतो.