प्रीमिअर पद्मिनीचं घरच्या घरी बॉडीकाम

जुन्या प्रीमिअर पद्मिनीचा, किंवा तिच्या आधीच्या फियाट डिलाइटचा, पत्रा, रंग, क्रोम, रबर आणि आतलं फिटिंग मालकाने स्वतःच्या अंगणात नाहीतर शेडमध्ये परत मूळ रूपात आणणं म्हणजे हे काम. इंजिन, गिअर, ब्रेक यात धरत नाहीत, ते मेकॅनिककडे जातं. डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात गाडी पंधरा दिवसांत चकाचक होऊन मिळते, घरी तेच काम वर्ष वर्ष चालतं, पण पत्र्याच्या आत नक्की काय आहे हे घरी करणाऱ्यालाच समजतं आणि जुन्या गाडीच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं.

ही गाडी मूळची इटलीची, फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, मधे थोडा काळ प्रीमिअर प्रेसिडेंट हे नाव होतं आणि १९७४ पासून चितोडच्या राणीवरून पद्मिनी. उत्पादन साधारण २००० सालापर्यंत चाललं. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिला सगळ्या देशाने पाहिलं, शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. महाराष्ट्रात आज ज्या खाजगी पद्मिनी शिल्लक आहेत त्यातल्या कितीतरी वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या, म्हणून लोक त्या विकत नाहीत आणि भंगारातही टाकत नाहीत.

कामाला हात लावायच्या आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायची. या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. म्हणजे तळाचा पत्रा, दरवाज्याखालची लांब पेटी, खांब, छत हे सगळं मिळून भार पेलतं. त्यामुळे बॉनेटवरचा गंज दिसायला वाईट असला तरी धोक्याचा नाही, आणि दरवाज्याखालच्या पेटीतला गंज बाहेरून दिसत नसला तरी गाडीची ताकदच खाऊन टाकतो. दरवाजा उघडल्यावर खाली लोंबतोय, बंद करताना वर उचलून लावावा लागतोय, तर बरेचदा दोष बिजागरीचा नसतो, खालचा पत्रा गेलेला असतो आणि मधे गाडी बसायला लागलेली असते.

गंज शोधायचा तो पाणी जिथे साठतं तिथे. पायाखालची रबरी मॅट आणि तिच्या खालचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरी-सुताची जाड गादी, काढा, त्याखाली डांबरी शीट असेल तर तीही खरवडा. नमदा एकदा भिजला की पावसाळा संपून दिवाळी आली तरी वाळत नाही आणि पत्रा खालून नाही, वरून सडतो. दरवाज्याच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती धूळ आणि जुन्या रंगाने बुजलेली असतात, काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी मग दरवाज्यातच उभं राहतं, म्हणून दरवाजे नेहमी खालच्या चार बोटांतच सडलेले दिसतात. डिकीत स्टेपनीच्या खाली, बॅटरीच्या ट्रेखाली, पुढच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत, मडगार्डच्या आत चाकाने उडवलेला चिखल जिथे चिकटतो तिथे बघायचं. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा इथल्या खाऱ्या हवेतली गाडी आणि सोलापूर-नगरकडची गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, घाटावरची कोरड्या हवेतली गाडी दिसायला फिकट असली तरी पत्र्याने मजबूत निघते.

आधी कोणी काय झाकलंय ते कळायला एक पातळ लोहचुंबक पुरतो. चांगल्या पत्र्यावर तो टपकन चिकटतो, जाड लांबीवर, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीवर, चिकटत नाही किंवा घसरतो. शंका आली तिथे खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचं, आरपार गेला तर गेला, तो पत्रा नव्हताच, रंगाचा पापुद्रा होता.

सडलेला भाग घासून वर लांबी फासणं हा सगळ्यात जास्त चालणारा आणि सगळ्यात वाईट प्रकार आहे. लांबी पाणी शोषते, खाली गंज चालूच राहतो आणि एक-दोन पावसाळ्यांत तिथेच रंगाला फोड येतात. सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापूनच काढायला हवा. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा, तो जागेवर बसवून बघायचा, मग तसाच तुकडा २० गेजच्या सीआरसी (थंड लाटलेल्या) पत्र्यातून कापायचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. वेल्डिंग मिगने, म्हणजे सलग तार सोडणाऱ्या गॅसच्या वेल्डिंग मशीनने, आणि सलग रेघ ओढायची नाही, एक टाका इथे, पुढचा टाका एक वीत लांब, मग परत मधे, असं जागा बदलत जायचं, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटा धरतो आणि त्या लाटा नंतर कशाने जात नाहीत. दरवाज्याखालची पेटी कापायची असेल तर गाडी चारी बाजूंनी सारख्या उंचीवर टेकवून दरवाज्याच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टाका लावून ठेवायचा, एका वेळी एकच बाजू कापायची आणि दर थोड्या वेळाने दरवाजा लावून फट बघायची. बॅटरी सोडून ठेवणं, पेट्रोलची टाकी काढून लांब नेणं, नमदा-रेक्झिन सगळं बाहेर काढणं आणि अग्निशामक हाताशी ठेवणं, यात आळस नको. आणि वेल्डिंग ज्याला येत नाही त्याने कापून साचे करून ठेवावेत, वेल्डरला घरी बोलवावं, पण तळाचा पत्रा शिकायला म्हणून जोडू नये.

पोचे काढायला हातोडी आणि डॉली लागते. डॉली म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, तो पत्र्याच्या मागे धरायचा आणि पुढून हलकं ठोकत जायचं. घाव छोटे आणि पुष्कळ. जोरात मारला की पत्रा ताणला जातो, मग तो फुगतो आणि बोटाने दाबला की डबक्-डबक् आवाज करत आत-बाहेर होतो. असा फुगलेला भाग गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढा लाल करून लगेच ओल्या फडक्याने गार केला की आकसतो, जुने डेंटर हे इतकं सहज करतात की बघत राहावं. या गाडीचा पत्रा आजच्या गाड्यांपेक्षा जाड आहे, तो हातोडीला ऐकतो, म्हणून नवीन मडगार्ड शोधत बसण्यापेक्षा आहे तेच सरळ करणं बहुतेक वेळा चांगलं.

पत्रा सरळ झाला की उघड्या लोखंडावर इपॉक्सी प्रायमर, मग गरजेपुरती लांबी, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही. लांबीत हार्डनर, म्हणजे ती कडक करणारं रसायन, जास्त घातलं तर रंगात डाग वर येतो, कमी पडलं तर ती चिकटच राहते. घासायचं ते लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून, नुसत्या हाताने घासलं की बोटांच्या खाचा पडतात. ८० नंबरपासून १८०, ३२० असं वर जायचं, आणि लांबी कोरडीच घासायची, पाणी पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, फक्त प्रायमर आणि रंगावर. काळ्या स्प्रेचा अगदी विरळ भुरका मारून मग घासलं तर खड्डे काळे राहून आपोआप दिसतात.

रंगाबाबत घरच्या कामाला मर्यादा आहे आणि ती मानलेली बरी. या गाड्यांवर पूर्वी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारायचे, तो लवकर सुकतो, घासून कंपाउंडने चमकवता येतो, दमट हवेत मारला की मात्र त्यावर पांढरट धुरकटपणा येतो, म्हणून कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर रंगाचं नाव काढू नये. आताचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क यावर काहीच कामाचा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वरच्या मजल्यावर लहान मुलं असताना हा रंग गनने उडवणं चूकच. प्रायमरपर्यंत सगळं घरी करून शेवटचा हात रंगाच्या दुकानातल्या बंदिस्त बूथमध्ये मारून घेणं हा शहाणपणाचा मार्ग. जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये, त्यात शिसं असू शकतं.

मग क्रोम आणि रबर, ज्यांच्यामुळे गाडी पद्मिनी दिसते. बंपर, जाळी, हेडलाइटच्या रिंगा, व्हीलकप, मोनोग्राम, पुढच्या दरवाज्यातल्या त्रिकोणी काचेची चौकट. वरवरचा गंज असेल तर अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासली तरी बराच निघतो, अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. लेप सुटलाच असेल तर तांबं, निकेल, क्रोम असा क्रम प्लेटिंगवाल्याकडेच करायचा, त्यातली रसायनं घरात आणण्यासारखी नाहीत. बंपरच्या मागच्या बाजूला लेप जेमतेमच असतो, तिथे प्रायमर आणि रंग मारून ठेवला तर पुढची चमक टिकते. छोटे लोखंडी क्लिप, ब्रॅकेट, स्क्रू यांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून काढता येतो, वस्तू निगेटिव्हला, भंगार लोखंड पॉझिटिव्हला, तिथे स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे उघड्यावरच, हायड्रोजन निघतो.

पुढची काच बसवणं अवघड वाटतं पण दोन माणसांत होतं. नवीन रबर काचेभोवती चढवायचं, रबराची जी खाच चौकटीच्या पत्र्यावर बसते तिच्यात सगळीकडून मजबूत दोरी फिरवून दोन्ही टोकं खाली मधोमध गाडीच्या आत सोडायची, साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून काच तळव्याने दाबून धरायची, दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची, दोरी निघेल तसं रबराचं ओठ चौकटीच्या पत्र्यावरून आत चढत जातं. कोपऱ्यावर घाई केली की काच तडकते. रबर बसवायच्या आधी चौकटीचा गंज काढून रंग लावलाच पाहिजे, नाहीतर पाणी परत तिथूनच पायाखाली येतं.

सीट, डोअर पॅड, छताचं लायनिंग हे रेक्झिनवाल्याचं काम, जुनं कापड फेकायचं नाही, तेच मापाला लागतं. सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, टॅक्सी मोडल्या गेल्यामुळे दरवाजे, बंपर काही काळ भरपूर मिळाले, आता शोधावे लागतात. काढलेल्या प्रत्येक स्क्रूला वेगळी पिशवी आणि वर चिठ्ठी, आणि काढायच्या आधी फोटो.

रंग मूळचा सोडून दुसरा लावला तर आरटीओत आरसीवर बदल करून घ्यावा लागतो. ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीला २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो, मात्र मग ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. पहिल्या पद्मिनींना ५० वर्षं होऊन गेली आहेत, त्यामुळे गाडी रविवारी फिरवायची की प्रदर्शनात न्यायची हे ठरवूनच अर्ज करायचा.